बांधावरचं झाड, वखारीतलं माप

औंढा नागनाथहून वसमतकडे निघालं की वाटेत आमचं शिरड शहापूर लागतं. लोक इथं जैन तीर्थंकर मल्लिनाथाच्या दर्शनाला येतात, नाहीतर जाता-येता चहाला थांबतात. लाकडासाठी या गावाची आठवण कोणाला यायचं कारण नाही, कारण आसपास नजरेत भरेल असं जंगल नाही. तरीही या पट्ट्यात आरा मशीन चालली. चौकटी, बैलगाड्या, माळवदाची लाकडं तिच्यावर चिरली गेली. मी सुताराच्या घरातला. वखारीत हिशेबाला बसलो आणि उमेदीची वर्षं ओंडके मोजण्यात गेली. मोठ्या लाकूड कंपन्यांचा इतिहास कुठं ना कुठं लिहिलेला सापडतो. गावच्या आऱ्याचा मात्र वहीतल्या नोंदींत राहतो आणि वह्या वाळवीला जातात. म्हणून जे कळलं ते इथं मांडतो आहे. ज्याच्या बांधावर दोन-चार झाडं आहेत त्याच्यासाठी तर आवर्जून.

१. गावचा आरा बांधावर जगतो

हा मुलूख निजामाच्या राज्यातला. किनवट, माहूर, आदिलाबादकडचा साग मोठ्या गावांतल्या वखारींत यायचा आणि ज्याच्या पदरी पैसा होता त्याच्या वाड्याला लागायचा. बाकीच्यांचं घर आणि औत उभं राहिलं ते बाभूळ, कडुलिंब, आंबा, चिंच यांच्यावर. ही झाडं जंगलातली नव्हेत. बांधावरची, विहिरीजवळची, ओढ्याकाठची.

मशीन येण्याआधी करवत होती. ओंडका लाकडी घोडीवर चढवायचा, एक गडी वर उभा, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. ओंडक्यावर रेघ मारायला काव लावलेलं सूत लागायचं. दोन टोकांना ताणून धरायचं, मधोमध चिमटीत उचलून सोडायचं की तांबडी रेघ उमटायची, सरळ आणि बारीक. पुढं तेलाचं इंजिन आलं, मग वीज आली, पट्ट्याचा आरा आला. दोन गड्यांचं दिवसाचं काम तो बघता बघता उरकायला लागला.

कामाची वाटणी मात्र जुनीच राहिली. गाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचाच. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा किंवा तिवसाचा, मिळाला तर. खाटकाचा ओंडका चिंचेचा, कारण ते लाकूड दाट आणि आडव्या-तिडव्या नसांचं, घाव सोसणारं. दाराची चौकट परवडली तर सागाची, नाहीतर कडुलिंबाची. पेटीला कडुलिंब चांगला, कसर लागत नाही असं जुने लोक सांगत. टायरगाडी आली तेव्हा लाकडी चाकाचं काम गेलं. लोखंडी तिफणी-वखरं आली तेव्हा औताचं गेलं. ट्रॅक्टरनं उरलंसुरलं नेलं. आऱ्याकडं येणारं गिऱ्हाईक असं एकेका वस्तूनं कमी होत गेलं आणि शेवटी फक्त घर राहिलं.

२. टेप ओंडक्याच्या मध्यावर धरायचा

वखारीत मी शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, म्हणून इथं जरा थांबतो.

गोल लाकूड मोजायची आपल्याकडची रीत अशी. ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा. त्याचा चौथा भाग काढायचा. त्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. घेर इंचांत आणि लांबी फुटांत असेल तर १४४ नं भागायचं की घनफूट आले. समजा, घेर ६० इंच, लांबी १० फूट. चौथा भाग १५. पंधरा पंधरा सव्वादोनशे, गुणिले दहा, भागिले १४४. उत्तर साडेपंधराच्या थोडं वर, म्हणजे १५.६ घनफूट.

आता तोच ओंडका खऱ्या भूमितीनं मोजा. ६० इंच घेराच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण २८६ चौरस इंच भरतं. दहा फुटांना ते जवळजवळ २० घनफूट होतं. म्हणजे चौथाईच्या रीतीत चार घनफुटांहून जास्त लाकूड मापातच धरलेलं नाही. शेकडा एकवीस-बावीस.

ही लबाडी नव्हे. इंग्लंडात एडवर्ड होपस नावाच्या माणसानं १७३६ मध्ये मोजणीची कोष्टकं छापली, तेव्हापासून ही रीत त्याच्या नावानं जगभर चालते. साल, कडेच्या सालपट फळ्या, भुशात जाणारं लाकूड, या सगळ्याची वजावट मापातच करून ठेवलेली आहे. गोल ओंडक्यातून चौकोनी माल निघताना काहीतरी जाणारच, ते आधीच बाद केलं. इथवर सगळं रास्त.

अन्याय होतो तो पुढं. या रीतीनं मोजून झाल्यावर खरेदी करणारा म्हणतो, "सालीचे दोन इंच बाद." मग म्हणतो, "हे टोक फाटलंय, एक फूट बाद." मग, "पोकळी निघेल, शेकडा दहा बाद." फाटलेलं टोक बाद करणं बरोबर, पोकळी दिसत असेल तर तीही बरोबर. पण जे मापातच वजा झालंय ते तोंडी परत वजा होतं आणि शेतकऱ्याला कळत नाही, कारण चौथाईचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो. दुसरी खोड टेपाची. ओंडका बुडाकडं जाड, शेंड्याकडं बारीक. टेप मध्यावरून हातभर शेंड्याकडं सरकवला तर घेर दोन-तीन इंचांनी कमी येतो, आणि वर्ग करताना ती तूट दुप्पट होते. ६० च्या जागी ५७ धरला तर १५.६ चे १४.१ घनफूट होतात. दीड घनफूट लाकूड टेपाच्या जागेनं गेलं.

आमचे जुने मिस्त्री यावर फार कडक होते. माल आणणाऱ्यालाच टेपाचं एक टोक धरायला लावायचे. "मामा, तुम्ही धरा. आधी लांबी मोजा, मध्यावर खडूनं खूण करा, मग घेर." खूण केल्याशिवाय घेर घेतला तर ओरडायचे, समोर मालक असला तरी. त्या वखारीत लांबच्या गावांतून माल यायचा तो या खडूच्या खुणेमुळं, असं मी आजही मानतो.

ओंडक्यांच्या मोजणीवरून राज्य गेल्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्राला जवळचं आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत १८६३ मध्ये निघालेली कंपनी ब्रह्मदेशातला साग काढायची. कंपनीनं ओंडके कमी दाखवून नेले असा ठपका ठेवून तिथल्या राजा थिबाच्या दरबारानं १८८५ मध्ये तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना थिबाची राजधानी मांडले घ्यायचीच होती, त्यांना निमित्त मिळालं. त्याच वर्षी युद्ध झालं, राजा कैद होऊन पुढं रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये तिथंच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघायला जाणाऱ्यांनी या कहाणीत सागाचे ओंडके आहेत हे ध्यानात ठेवावं.

३. उभं झाड उक्तं देऊ नका

बांधावर व्यापारी येतो, झाडाला मिठी मारल्यासारखं करून घेराचा अंदाज घेतो आणि आकडा सांगतो. लग्नसराई तोंडावर असली की तो आकडा मोठा वाटतो. व्यापाऱ्याच्या डोळ्यात मोजपट्टी असते, शेतकऱ्याच्या डोळ्यात गरज. झाड तोडून, ओंडके पाडून, मोजून विकलं तर पैसे थोडे उशिरा येतात, पण मापाचे येतात. निदान विकण्याआधी छातीच्या उंचीवरचा घेर आणि सरळ बुंध्याची उंची स्वतः घेऊन ठेवावी. त्यावरून घनफूट काढायला पाचवीचं गणित पुरतं.

जळणाचं लाकूड वजनावर जातं, तिथं हिशेब उलटा. ओल्या लाकडात पाणी भरपूर असतं, म्हणून घेणारा वाळलेलं मागतो आणि विकणारा ओलं द्यायला बघतो. दोघांनी भाव ठरवताना ओलं की वाळलेलं हे आधी बोलून घेतलं तर भांडण होत नाही. आमच्याकडं झालेली भांडणं बहुतेक याच न बोललेल्या गोष्टीवरून झाली.

४. पहिला काप विचार करून

ओंडका ट्रॉलीवर चढला की मिस्त्री लगेच मशीन सुरू करत नसत. दोन्ही टोकं बघायचे. गाभा मध्ये आहे की एका अंगाला सरकलाय. भेग कोणत्या दिशेला गेलीय. गाठ कुठं आहे. मग ओंडका पाचरीनं फिरवून भेग फळीच्या पातळीत आणायचे, म्हणजे एक-दोन फळ्या खराब निघतील पण बाकीच्या धडधाकट राहतील. भेग आडवी येऊ दिली तर प्रत्येक फळी मध्यावर फाटणार. हे फिरवणं अर्ध्या मिनिटाचं. त्या अर्ध्या मिनिटावर शेतकऱ्याच्या पाच-सहा फळ्यांचा निकाल लागतो.

पट्ट्याच्या आऱ्याचा काप बारीक असतो, दोन-तीन मिलिमीटरचा. गोल पात्याचा त्याच्या दुप्पट. इंची फळ्या काढायच्या तर गोल पात्यावर पाच फळ्यांमागं एका फळीएवढं लाकूड भुसा होतं. म्हणून महागाचं लाकूड कोणत्या मशीनवर चिरायचं हे विचारून घ्यावं. पट्ट्याला धार वेळच्या वेळी लागते. सागात वाळूसारखा अंश असतो, तो दात लवकर मारतो. बोथट पट्टा सरळ जात नाही, लाटेसारखा वळतो, आणि ती लाट पुढं सुताराला रंध्यानं काढावी लागते. म्हणजे पुन्हा लाकूड गेलं.

५. टोकाला काळा डाग दिसला की थांबायचं

रस्त्याकडेच्या झाडाला कोणी पाटी ठोकतो, बांधावरच्या झाडाला कोणी तारेचं कुंपण आवळतो. वीस वर्षांत झाड ते गिळून टाकतं, वरून काही दिसत नाही. आरा मात्र त्याला गाठतो. खिळ्याला लागून पट्टा तुटला की ते पोलादी पान चाबकासारखं सुटतं आणि समोर कोण उभं आहे ते बघत नाही.

बाभळीसारख्या तुरट लाकडात लोखंड असेल तर भोवती निळसर काळा डाग पसरतो, कारण तुरट रसाची आणि लोखंडाची शाई बनते. ओंडक्याच्या टोकावर असा पट्टा दिसला की मिस्त्री कुऱ्हाडीनं तेवढा भाग फोडून बघायचे. चुंबक नंतर आलं. डाग बघायची सवय आधीची आणि जास्त कामाची. झाडाला खिळा ठोकू नका असं सांगणारे बहुतेक झाडाच्या जिवाची काळजी करतात. त्याच्या जोडीला आऱ्यावरच्या माणसाचीही करावी.

६. लाकडाला वेळ द्यायचा

घर बांधणाऱ्याला घाई असते. झाड तोडलं, चिरलं, चौकट बसवली, पावसाळा गेला आणि उन्हाळ्यात चौकटीला बोट जाईल एवढी फट. मग सुताराला शिव्या. दोष सुताराचा नसतो. लाकूड वाळताना आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या अंगानं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडं जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून ओली फळी वाकते.

आमच्याकडं उन्हाळा पोळणारा. ओंडका उघड्यावर टाकला तर टोकाकडून पाणी झपाट्यानं उडतं आणि टोकं तडकतात. टोकांना डांबर किंवा शेणाचा जाड लेप द्यायचा. फळ्या सावलीत रचायच्या, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत. ओळ चुकली की फळी तिथंच वाकते. इंची फळीला काही महिने, चौकटीच्या मालाला त्याहून जास्त.

बाभळीची रीत वेगळी. जुने सुतार बाभळीचे ओंडके पाण्यात मुरवत ठेवायचे, विहिरीत नाहीतर ओढ्याच्या डोहात, महिनोन्महिने. लाकडातला पिठूळ अंश पाण्यात जातो, मग कीड कमी लागते. आंब्याचं उलट. तोडला की लगेच चिरून वाळत घालायचा, नाहीतर आठवड्याभरात काळा-निळा पडतो. ज्याला चौकट करायची आहे त्यानं घराचा पाया काढण्याच्या आधी लाकूड घेऊन ठेवावं. हे मी कित्येक घरधन्यांना सांगितलं. ज्यांनी ऐकलं त्यांची दारं आजही नीट लागतात.

७. दुष्काळात वखार भरते

बाहेरच्याला वाटतं, पाऊस चांगला झाला की झाडं वाढतात आणि आऱ्याला काम मिळतं. आम्ही उलटंच बघितलं. पाऊस हटला की वखारीच्या दारात बैलगाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर लागतात. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या. २०१२ पासूनची वर्षं डोळ्यांनी बघितली. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यायची वेळ आली, ती गोष्ट देशभर झाली. त्याच काळात मराठवाड्यातल्या आमराया आऱ्यावर येत होत्या, त्याची कुठं चर्चा झाली नाही.

कारण सरळ आहे. पीक गेलं, जनावराला कडबा नाही, बँकेचा हप्ता उभा, पोराची फी थकलेली. विकण्यासारखं काय उरतं? दावणीचं जनावर आणि बांधावरचं झाड. सगळे एकदम विकायला निघतात म्हणून भाव पडतो. ज्या वर्षी शेतकऱ्याला पैशाची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी त्याच्या झाडाला सर्वांत कमी किंमत.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आंबा आला होता. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. म्हाताऱ्यानं सालीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही खोबरी. हिच्या शेजारी शेपी होती, ती मागच्या साली गेली. गोटी राहिलीय एक." गावरान आंब्याच्या प्रत्येक झाडाला नाव असायचं, चवीवरून नाहीतर वासावरून. कलमी आंब्यासारखं ते दुसरीकडं मिळत नाही. कोयीतून उगवलेलं झाड म्हणजे एकच, तसलं दुसरं जगात नाही. मी पावती केली. आंब्याच्या लाकडाला चौकटीत कोणी घेत नाही, ते जातं फळांच्या खोक्यांना आणि स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना. ती खोबरी कोणाच्या तरी स्लॅबखाली तीन-चार वेळा लागली असेल आणि मग जळणात गेली असेल.

आऱ्यावर काम करणारी माणसंही शेतकऱ्यांच्याच घरची. त्यांना हे दिसत होतं. दुष्काळात झाड गहाण ठेवून कर्ज मिळेल अशी काही सोय असती, झाड उभं राहून शेतकरीही उभा राहिला असता, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही ठाम वाटतं. जनावरांसाठी चारा छावण्या निघतात. उभ्या झाडासाठी काही निघत नाही.

८. माळवदातलं लाकूड मारेकरी नव्हतं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. लातूर-उस्मानाबादची ती गावं आमच्यापासून लांब, पण घरं तशीच. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, लाकडी खांब, तुळया, वर किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, हेच माळवद. दर पावसाळ्याआधी गळतीला म्हणून आणखी माती टाकायची. पिढ्यान् पिढ्या टाकलेली माती डोक्यावर.

भूकंपानंतर मराठवाडाभर माळवदाची भीती बसली. ज्याला जमलं त्यानं घर पाडलं आणि स्लॅब टाकला किंवा पत्रे. वखारींत जुनं लाकूड यायला लागलं. शंभर वर्षांच्या सागाच्या तुळया, धुरानं काळ्या पडलेल्या, आणि एक इंच रंधून काढलं की आत सोनेरी. अशी तुळई चिरताना जो वास सुटतो तो नव्या सागाला नाही. आणि जुना साग टिकतो किती? मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये सागाचं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर उभं आहे. आमच्या वाड्यांतल्या तुळयाही त्याच जातीच्या. त्यांना घाईनं, जळणापेक्षा थोड्या जास्त भावानं विकलं गेलं याचं मला वाईट वाटतं.

कारण माणसं मारली ती वजनानं आणि भिंतींनी. चिखलात रचलेल्या गोल दगडांच्या भिंती बाहेर-आत फुटल्या आणि मातीचं छत खाली आलं. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया मात्र आपल्या जागी उभ्या सापडल्या. जाणत्या अभियंत्यांनी हे तेव्हाच नोंदवलं. दोष भिंतींचा, सांध्यांचा आणि छतावरच्या मातीचा होता.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या आसपास जमिनीतून गूढ आवाज येतात ते आम्हाला वर्षानुवर्षं माहीत आहे. २१ मार्च २०२४ ला पहाटे आणि १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात चांगले जाणवणारे धक्के बसले, लोक घराबाहेर आले. ज्यांचं माळवद अजून उभं आहे त्यांनी छतावरची जादा माती आधी उतरवावी. खांब आणि तुळईचा सांधा लोखंडी पट्टीनं बांधून घ्यावा. तुळईला छिद्रं पडली असतील तर जाणत्या सुताराला दाखवावी. घर पाडायचंच ठरलं तर लाकूड मोजून, घनफुटानं विकावं. ढिगाचा भाव करून देऊ नये.

९. कागद आधी, कुऱ्हाड नंतर

स्वतःच्या रानातलं झाड, मग विचारायचं कोणाला, असं पुष्कळांना वाटतं. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम काही झाडांना परवानगीशिवाय हात लावू देत नाही. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, फणस, बिजा, अंजन ही त्यांतली. आंबा आणि चिंच या यादीत आहेत हे ऐकून शेतकरी चमकतात. परवानगीला सातबारा लागतो. झाडाची नोंद सातबाऱ्यावर असेल तर काम सोपं, नसेल तर हेलपाटे. म्हणून झाड लावलं की तलाठ्याकडून नोंद करून घ्यावी. तोडल्यावर ओंडक्यांवर वनखात्याचा हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा परवाना.

आऱ्याला तर त्याहून कडक. केरळातल्या निलंबूरच्या टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ ला आदेश दिला, तेव्हापासून जंगलात केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय आरा चालवणं बंद झालं. ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयानं आणखी बजावलं की केंद्रीय उच्चाधिकार समितीची परवानगी घेतल्याशिवाय कोणत्याही राज्यानं नवी आरा गिरणी उघडू देऊ नये. पुढं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे काम राज्यस्तरीय समित्यांकडं आलं.

जंगल वाचवायला हे आवश्यक होतं, यात मला शंका नाही. पण आमच्यासारख्या भागात त्याचा एक परिणाम झाला. परवान्याची जुनी मशीन ज्याच्याकडं, त्याच्याकडंच माल नेणं भाग. चिराईचा दर ठरवणारा एकच. शेतकऱ्याला दुसरीकडं विचारायची सोय नाही. जंगलाच्या लाकडाला लावलेला नियम बांधावरच्या लाकडाला तसाच लावला की शेतकरी झाड लावायलाच कचरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. बांबूला २०१७ मध्ये कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं, तेव्हा जंगलाबाहेर बांबू लावणाऱ्यांना मोकळा श्वास मिळाला.

१०. बोटं आणि फुप्फुसं

आऱ्यावरच्या जुन्या कामगाराची ओळख हातावरून पटते. एखादं पेर नसतं. गळ्यातलं उपरणं, सैल बाही, हातातलं कडं या तीन गोष्टी मशीनजवळ नकोत, एवढं पाळलं तरी पुष्कळ अपघात टळतात. पट्ट्यावरचं झाकण काढून काम करणं हे कोणाच्याही घाईपुढं चालू द्यायचं नाही.

धुळीकडं मात्र कोणीच बघत नाही, कारण ती रक्त काढत नाही. लाकडाच्या बारीक धुळीनं माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच काढला आहे, मुख्यतः नाकाचा. गावच्या आऱ्यावर तोंडाला रुमाल बांधतात, तोही उन्हाळ्यात काढून ठेवतात. नीट बसणारा मास्क महाग वस्तू नाही. मालकानं तो द्यावा, आणि कामगारानं मागावा. अपघात झाला तर कायद्यानं नुकसानभरपाई मिळते हे कामगाराला माहीत नसतं, कारण त्याचं नाव हजेरीवर नसतं. हजेरीवर नाव लावून घ्यावं, रोजंदारी एका दिवसाची असली तरी.

११. भुसा आणि हळद

आऱ्याचा भुसा एके काळी गावातल्या कित्येक चुली चालवायचा. भुशाची शेगडी म्हणजे पत्र्याचा डबा, खाली एका अंगाला भोक. मध्ये बाटली उभी धरायची, भोकातून काठी आत सरकवून बाटलीला टेकवायची, भोवती भुसा दाबून दाबून भरायचा. मग बाटली आणि काठी हळूच फिरवत काढून घ्यायची. उभी पोकळी आणि आडवी पोकळी एकमेकींना मिळाल्या की खालून पेटवायचं. एका भरणात सकाळचा स्वयंपाक आणि अंघोळीचं पाणी. दाबायला कमी पडलं तर मध्येच ढासळायचा आणि धूर. घरातल्या बायका यात तरबेज असत. गॅस आला, शेगड्या गेल्या.

कडेच्या सालपट फळ्या जायच्या हळद शिजवायला. वसमत-औंढ्याच्या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल रानोरानी कढया लागायच्या आणि जळणाला बाभूळ लागायची. तेव्हा वखारीतला कचराही शिल्लक राहत नसे. आता वाफेचे बॉयलर आलेत, त्यांना जळण पुष्कळ कमी पुरतं. बाभळींवरचा भार हलका झाला, ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

१२. नव्यानं लावणाऱ्यासाठी

आता पुष्कळ जण बांधावर साग लावतात आणि पंधरा वर्षांत लखपती होण्याच्या जाहिराती वाचतात. पंधरा वर्षांच्या सागात पांढरं लाकूड जास्त, गाभा कमी. चौकटीला भाव गाभ्याचा. तीस-चाळीस वर्षं धरून चालावं, मुलांसाठी लावतो आहोत असं समजूनच लावावं.

आऱ्यावर आलेले बांधावरचे बहुतेक साग एकाच कारणानं नापास व्हायचे. गाठी. एकटं झाड चारी बाजूंनी फांद्या टाकतं, कोणी छाटत नाही, आणि मनगटाएवढी फांदी वाळून गळाली की बुंध्यात सुटी गाठ राहते. फळी चिरली की ती गाठ भोकासारखी निखळून पडते. फांदी अंगठ्याएवढी असतानाच, पानगळ झाल्यावर, धारदार करवतीनं बुंध्यालगत पण फुगवटा राखून कापावी. कुऱ्हाड घालू नये, साल खालपर्यंत सोलली जाते. जमिनीपासून दहा-बारा फुटांपर्यंत एवढं केलं तरी पुरे, कारण चौकटीची उभी बाजू सात फुटांची असते आणि वखारीत भाव त्या पहिल्या ओंडक्यालाच मिळतो.